मुंबईहून गेलेला निबंध

१/ वायूचा दाब म्हणजे भांड्याच्या भिंतींवर अखंड आदळणाऱ्या रेणूंचा मारा. रेणूंचा वेग दुप्पट झाला की आघातांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येक आघाताचा जोरही. म्हणून दाब चौपट होतो.

२/ हे गणित जॉन जेम्स वॉटरस्टन यांनी मुंबईत मांडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील उमेदवारांना ते येथे शिकवीत. १८४५ मध्ये त्यांनी आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. परीक्षकाने तो निरर्थक ठरवला. सोसायटीपुढे वाचला गेलेला निबंध तिच्या मालकीचा, या नियमामुळे तो परतही मिळाला नाही. वॉटरस्टन यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती.

३/ पुढे क्रोनिग (१८५६), क्लाउझियस (१८५७) आणि मॅक्सवेल (१८६०) याच वाटेने गेले. श्रेय त्यांना लाभले. १८८३ मध्ये वॉटरस्टन एडिनबर्गमध्ये घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत.

४/ १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना तो निबंध सोसायटीच्या दप्तरात सापडला आणि १८९२ मध्ये त्यांनी तो छापविला. प्रस्तावनेत मात्र उपदेश केला तो नवोदितांना: आधी मर्यादित विषयावरील कामाने मान्यता मिळवावी. हा न्याय अपुराच म्हणावा लागेल. परीक्षकाचा शब्द अंतिम ठरवून लेखकाचे हस्तलिखितही अडकवणाऱ्या संस्थेला त्या उपदेशाची अधिक गरज होती.