पूर ओसरल्यावरचा ताप: लेप्टोमध्ये आपलंच शरीर आपल्यावर का उलटतं?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी आहे 45 फूट. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर. साताऱ्यात पाऊस कोसळला, कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळाली की खालच्या गावांना धडकी भरते. पण एक धोका पाणी उतरल्यावर सुरू होतो. तो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस.

उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून हा जिवाणू चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. गोठ्यातला गाळ काढणारे, उसात अनवाणी राबणारे लोक म्हणूनच जास्त जोखमीत असतात.

हा मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू. अमेरिकेत गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा जिवाणू याचाच दूरचा भाऊबंद. दोघांच्या अंगावर चरबीची शेपटी असलेली प्रथिनं असतात. लेप्टोमधल्या मुख्य प्रथिनाचं नाव लिप-एल-32. आपल्या पेशींवरचा टीएलआर-2 नावाचा पहारेकरी ती शेपटी ओळखतो आणि धोक्याची घंटा वाजवतो. मग ताप येतो, अंग ठणकतं, सूज वाढते. लाइममध्ये ही सूज अनेकदा गुडघ्यात उतरते, तर लेप्टो बळावला की मूत्रपिंड, यकृत आणि फुफ्फुसांवर बेततं. नुकसान जिवाणू करतोच, पण त्यात आपल्या प्रतिकारशक्तीचाही हात असतो.

गंमत बघा, उंदराला यातलं फारसं काही होत नाही. लेप्टोच्या आवरणातला आणखी एक घटक उंदरांच्या टीएलआर-4 या दुसऱ्या पहारेकऱ्याला चटकन कळतो, माणसाच्या टीएलआर-4 ला मात्र नाही. उंदीर ठणठणीत राहून महिनोन् महिने जंतू सोडत राहतो.

यातूनच उपचारांची घाई का, ते कळतं. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, पण पेटलेली सूज विझवत नाही. उलट पहिल्या डोसनंतर जिवाणू फुटून त्यांचे तुकडे रक्तात येतात, तेव्हा काही रुग्णांचा ताप थोडा वेळ वाढतो. 'औषध बाधलं' म्हणून गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना कळवा.

पुराच्या पाण्यात वावरल्यावर महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळ्यांत लाली दिसली, तर डॉक्टरांना आधी पाण्याचं सांगा. अँटिबॉडीची तपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे संशय दाट असेल, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात.