तरता बाजार आणि दहा मिनिटे

थायलंडमधील दामनन सादुआकचा तरता बाजार पाहून आलो, असे सांगताच आमच्या एका रसिक स्नेह्यांनी नाक मुरडले. "अहो, तो कसला बाजार! प्रवाशांसाठी मांडलेला देखावा तो!" हा शेरा मला झोंबला, आणि त्याला कारण आहे.

बँकॉकपासून सुमारे १०० किलोमीटरवरचा हा कालवा. राजा मोंगकुटच्या आज्ञेने १८६६ साली खोदायला घेतला, १८६८ त पुरा झाला. लांबी कोसांत मोजावी इतकी, ३२ किलोमीटर. काठच्या बागाईतदारांचा माल होड्यांतून हिंडू लागला. पुढे सडका झाल्या, माल मोटारींत चढला, आणि होड्यांना गिऱ्हाईक उरले ते मुख्यतः आमच्यासारखे, सकाळी बसने येऊन दुपारी परतणारे. तेव्हा स्नेही अगदीच चुकले असे मी म्हणत नाही. मोटारीचे इंजिन बसवलेल्या होड्यांचा कर्कश आवाज, एकाच साच्यातले लाकडी हत्ती, तोंडाला येतील ते भाव, सारे पाहिले.

पण एक म्हातारीही पाहिली. होडीत शेगडी, तीवर आपल्या आप्पेपात्रासारखे पात्र. त्यात ती तांदळाचे पीठ कालवलेले नारळाचे दूध ओतीत होती. शेजारून मोठी होडी गेली की तिची होडी डुले. पळी मात्र खळगा चुकत नसे. दोन अर्धुके जोडून तिने हाती दिली. कडा कुरकुरीत, पोट मऊ. देखाव्यासाठी असा हात तयार होत नाही हो!

माझे वडील बडोदे दरबारात जलतरंग वाजवीत. १९४९ त संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. म्हातारपणी ते एका हॉटेलात, परदेशी पाहुण्यांची जेवणे चालू असता, दहा मिनिटे वाजवायला जात. शाळकरी वयात मी त्यांना म्हणालो, "नाना, हे वाजवणं नव्हे, खेळ आहे." ते काही बोलले नाहीत. वाट्या पुसत राहिले.

त्या बाजाराजवळच आम्फावा गाव आहे. १८८१ साली तेथे जन्मलेले लुआंग प्रदित फैरो हे सयामच्या दरबारचे थोर रनातवादक. रनात म्हणजे होडीच्या आकाराच्या पेटीवर टांगलेल्या पट्ट्यांचे वाद्य. १९३२ त तिथली अनियंत्रित राजसत्ता गेली, दरबारचा आश्रय आटला. १९५४ साली ते वारले, पण त्यांचे बाज शिष्यांच्या हातांत राहिले. आश्रयदाता बदलला म्हणून विद्या खोटी ठरते काय? मला विचाराल तर खोटी ठरते ती रियाज सुटल्यावर.

गेली कित्येक वर्षे हॉटेलांची बोलावणी मी विद्यार्थ्यांच्या वतीने परस्पर नाकारीत आलो. परवा पुन्हा एक आले. होकार कळवला आहे. दहा मिनिटांऐवजी अर्धा तास मागितला, आणि वाट्यांत पाणी भरून सूर जुळवायला लागणारा वेळ निराळा.