नाव कुणाचं, गाडी कुणाची?

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात शब्दसंग्रहाचा तास चालू होता. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे दोन्ही भाषांत नांदणारे शब्द मुलांकडून काढून घ्यायची मला सवय आहे. कागद, दुकान, वकील, बाजार हे नेहमीचे शब्द फळ्यावर आले. मी पुढे ‘सफर’ लिहिलं, तसा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, मग टाटा सफारी पण आपलीच?”

वर्ग हसला. पण पोरगं चुकलं नव्हतं. सफर हा मूळचा अरबी शब्द. तो उर्दूत आला, मराठीत आला आणि अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. तिथून तो इंग्रजांनी उचलला, शिकारीच्या प्रवासाला चिकटवला, आणि १९९८ साली पुण्यात तयार झालेल्या एका दणकट गाडीच्या पाठीवर बसून आपल्या दारात परत आला. मुसाफिर, सफरनामा आणि सफारी ही एकाच घरातली भावंडं.

त्या तासानंतर मुलांना नादच लागला. रोज कुणीतरी एका गाडीचं नाव घेऊन येतं आणि अर्थ विचारतं. त्यांच्यामुळे मीही शोधू लागलो. शोधता शोधता एक गोष्ट मनात घर करून बसली, ती इथे मांडतो.

खडबडीत रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांची नावं आधी लष्करी होती. ते साहजिकच होतं, कारण जीप ही दुसऱ्या महायुद्धातून आलेली गाडी. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्यांच्या गाड्यांची नावं कमांडर, मार्शल, मेजर, आर्मडा अशी आली. मग बोलेरो आली, हा स्पेनमधला एक नाच. २००२ साली स्कॉर्पिओ आली, म्हणजे विंचू. नाव ‘ओ’वर संपलं की गाडी चालते असा त्या घराचा समज असल्याचंही बोललं जातं. आणि २०१० साली आली थार. वाळवंटाचं नाव. गाडी कुठेही जाईल हे सांगायला चार वाक्यांऐवजी एक शब्द पुरला.

नाव ठरवणं हे मोठ्या कंपनीत गमतीचं काम नसतं. आधी लांबलचक यादी होते. मग ट्रेडमार्कची तपासणी होते; आपल्या कायद्यात वाहनांसाठी १२ वा वर्ग आहे. निरनिराळ्या भाषांत त्या शब्दाचा भलता अर्थ तर निघत नाही ना, हेही पाहिलं जातं. तरी चुका होतात. मित्सुबिशीने दक्षिण अमेरिकेतल्या एका रानमांजराच्या नावावरून ‘पजेरो’ हे नाव घेतलं. स्पॅनिश बोलीत तो शब्द शिवीसारखा निघाला, म्हणून स्पेनमध्ये तीच गाडी ‘मॉन्तेरो’ झाली. टाटांनी एका छोट्या गाडीचं नाव ‘झिका’ ठरवलं होतं; २०१६ साली त्याच उच्चाराच्या विषाणूची साथ पसरली आणि ती ‘टियागो’ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये महिंद्रांच्या ‘बीई सिक्स ई’ या विजेवरच्या गाडीवर इंडिगोने हरकत घेतली, कारण ‘सिक्स ई’ हा त्यांच्या विमानसेवेचा संकेत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि गाडी बाजारात येताना नुसती ‘बीई सिक्स’ झाली.

म्हणजे नाव बदलता येतं. हरकत घेणाऱ्याच्या हातात वकील असला किंवा बाजार असला, की झटक्यात बदलतं. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्यांच्या हातात दोन्ही नाहीत, त्यांच्या नावाचं काय?

फोक्सवॅगनची ‘तुआरेग’ घ्या. तुआरेग हे सहाराच्या वाळवंटातले मुसलमान लोक. त्यांचे पुरुष निळ्या कापडाने तोंड झाकतात, बायका झाकत नाहीत. तुआरेग हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं. ते स्वतःला इमुहाग किंवा केल तमाशेक म्हणवतात. निसानची ‘कश्काई’ घ्या. कश्काई हे इराणच्या फार्स प्रांतातले, मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणारे तुर्की बोलीचे लोक. युरोपातल्या शहरांत मुलांना शाळेत सोडायला त्यांचं नाव लावलेली गाडी फिरते. त्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की आपण एका जमातीत बसून शाळेला चाललोय?

तिसरं उदाहरण चेरोकी. अमेरिकेतल्या या मूळनिवासी लोकांना १८३८-३९ मध्ये सैन्य लावून त्यांच्या भूमीवरून हुसकावलं. शेकडो मैल चालताना हजारो माणसं मेली. त्यांचं नाव जीप कंपनीने १९७४ पासून गाडीला लावलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेरोकी राष्ट्राचे प्रमुख चक हॉस्किन यांनी उघडपणे सांगितलं की, आमचं नाव गाडीच्या पाठीवर लावल्याने आमचा मान वाढत नाही, ते थांबवा. गाडीचं नाव तरी तेच राहिलं. ही गोष्ट सातासमुद्रापारची वाटेल, पण ग्रँड चेरोकीची जुळणी २०२२ पासून आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावला होऊ लागली.

कुणी म्हणेल, सर, यात वाईट काय? हा गौरवच आहे. फोर्स मोटर्सची गुरखा आहे, तिच्यात गुरखा सैनिकांच्या चिवटपणाचं कौतुकच आहे ना? मला हे म्हणणं अगदीच खोटं वाटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी तुआरेग हा शब्द गाडीमुळेच ऐकला. पण कौतुक करायचं तर माणसाची ओळख करून घ्यावी लागते. इथे त्यांचा काटकपणा तेवढा घेतला. त्यांची भाषा, त्यांचे प्रश्न, त्यांची संमती, हे सगळं रस्त्याच्या कडेला सोडून दिलं.

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. मागच्या थंडीत आमच्या किनाऱ्यावर पर्यटकांची एक मोठ्या चाकांची गाडी ओल्या वाळूत रुतली. भरती चढत होती. गाडीवाले गृहस्थ सारखे म्हणत होते, “पण ही तर कुठेही जाते!” नावातल्या वाळवंटाची वाळू कोरडी असते आणि आमच्या पुळणीखाली पाणी असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. याच पुळणीत थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, हेही नव्हतं सांगितलं. शेवटी रापणीवरच्या माणसांनी दोर लावून ती ओढून काढली. दोर ओढणाऱ्यांत माझा मावसभाऊही होता. गृहस्थांनी आभार मानले, प्रेमाने नाव विचारलं. नाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न आला, “अच्छा! मग तुम्ही मूळचे कुठले?”

भाऊ म्हणाला, “मी? मी हयचोच.”

त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. हा प्रश्न आम्हाला एसटीत, रेल्वेत, लग्नात कुठेही भेटतो, आणि त्याच्या मागोमाग “मराठी किती छान बोलता” हेही येतं. आमच्यात पारकर, होडेकर अशी आडनावं आहेत. ‘कर’ लावून आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या गावांना आणि धंद्यांना बांधलेली आहेत. तरी पहिल्या नावावरून माणूस परका ठरतो. नाव ऐकलं पण माणूस पाहिला नाही की असंच होतं. तुआरेगांचं काय होत असेल, हे मला त्या दिवशी थोडंसं कळलं.

आता दोन घरच्या गोष्टी. पहिली सुमो. १९९४ साली आलेली टाटा सुमो आमच्या जिल्ह्याने वऱ्हाडाला वापरली, बांबोळीच्या दवाखान्यात पेशंट न्यायला वापरली. आम्ही सगळे समजत होतो की हे नाव जपानी पैलवानांवरून आलं. खरं तर ते सुमंत मुळगावकर यांच्या नावाची पहिली अक्षरं जोडून केलेलं. सुमंतमधला ‘सु’, मुळगावकरमधला ‘मो’. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा करणारा हा माणूस. इथे नाव ज्याचं घेतलं तो कंपनीचा आपला होता आणि त्याचं ऋण होतं, म्हणून मला हे नाव सगळ्यांत सभ्य वाटतं. फक्त ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मुळगावकर मागे राहिले आणि पैलवान पुढे आला.

दुसरी गोष्ट महिंद्रांची. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मुहम्मद हे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. भागीदार गेला म्हणून नाव बदललं, यात कुणाचा दोष नाही. पण ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरं तशीच राहिली. दुसऱ्या ‘एम’मध्ये एकेकाळी एक मोहम्मद होता, हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलांचे डोळे मोठे झाले. आणि आज त्याच घराची सर्वांत गाजलेली गाडी आहे थार; ज्या वाळवंटाचा एक भाग सीमेच्या अलीकडे आहे आणि एक पलीकडे.

माझी मागणी छोटी आहे. गाडीबरोबर जे जाडजूड माहितीपुस्तक मिळतं, त्याच्या पहिल्या पानावर नावाची हकिकत छापा. शब्द कुठल्या भाषेतला, माणूस कोण, जमात कुठली, ती स्वतःला काय म्हणवते. आणि जिवंत माणसांच्या जमातीचं नाव घेणार असाल तर आधी त्यांना विचारा. नाही म्हणाले तर दुसरं शोधा. विमान कंपनीने नाही म्हटल्यावर दुसरं सापडलंच की.

तोवर आपणही आपल्या दारातल्या गाडीचं नाव एकदा नीट वाचू या. आणि कुणी आपलं नाव सांगितलं, तर “मूळचे कुठले?” विचारण्याआधी जरा थांबू या. तो बहुतेक हयचोच असतो.