चर्चात का जाता रे?

"काय रे, चर्चात काय वाटतात? गहू की दुधाची पावडर?"

गोदीत पोती वाहताना आमच्याच एका जयभीमवाल्यानं ख्रिस्ती गड्याला विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

मी किनवटचा. पैनगंगेकाठचा. मॅट्रिक झालो, नंदीग्राममध्ये बसलो, मुंबईला हमाल झालो. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मांगवाड्यातल्या मावशीला हाच प्रश्न घातला. ती दर रविवारी एका पत्र्याच्या खोलीत प्रार्थनेला जाते.

म्हणाली, "लेकरा, तितं मला सतरंजीवर बसवतेत. नावानं हाक मारतेत. दुखण्यात चारजणी येऊन बसतेत. मी बोलाय उठले की सगळे गप ऐकतेत. जलमात कुनी ऐकलं व्हतं का?"

"आणि येशू?"

"त्यालाबी गावाभाईरच मारलं की!"

दोस्तांनो, याहून मोठं धर्मशास्त्र मला कुणी सांगितलेलं नाही.

गव्हासाठी गेले म्हणता? असतील. 1876 ते 78 च्या दुष्काळात मिशनच्या दारात आमचीच माणसं उभी होती. गावच्या देवळानं आत घेतलं असतं, तर कशाला गेली असती? जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, तिथं मांग-महारांनी घरं बांधली. दुष्काळ सरला. नातवंडं अजून चर्चात जातात. आता कुठला गहू?

आता तर उलट खिशातून जातं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद वाचा. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे! 1956 साली शीख आत घेतले, 1990 साली आपण बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. 26 नोव्हेंबर 2024, संविधान दिन. सुप्रीम कोर्टानं पुद्दुचेरीच्या एका बाईला जातीचा दाखला नाकारला. बाप्तिस्मा झालाय, नेमानं चर्चात जाते, हा तिच्याविरुद्धचा पुरावा! म्हणून मावशी प्रार्थनेत कुणाला फोटो काढू देत नाही. नातवाच्या दाखल्याची धास्ती. धर्म बदलला की जात जाते, असं कायदा म्हणतो. मग गावच्या पाटलाला कुणी कळवलं का?

चर्चवाल्यांनो, तुम्हीही सुटत नाही. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची कबरस्तानं वेगळी आहेत. मेल्यावरही वेस! रविवारी एका भाकरीचे वाटेकरी, सोमवारी सोयरीक जात बघून. मावशीला आकाशातलं राज्य दाखवता, पण तिच्या दाखल्यासाठी कलेक्टर कचेरीवर कधी बसणार?

आणि आपण? 14 एप्रिलला डीजे लावून नाचतो. बाकी वर्षभर विहाराला कुलूप. वस्तीतली म्हातारी आजारी पडली तर आपल्यातले चारजण जातात का तिच्याकडे?

2007 साली रंगनाथ मिश्र आयोगानं तो परिच्छेद काढा म्हणून सांगितलं. 2022 साली आणखी एक आयोग नेमला. आयोगावर आयोग! आपण 1956 ते 1990, चौतीस वर्षं केंद्राच्या सवलतींबाहेर तडफडलो. ते विसरून आज "आमच्या ताटात वाटेकरी नको" म्हणणारा स्वतःला बाबासाहेबांचा म्हणवतो? कोटा वाढवून मागा, पण परिच्छेद तीन फाडा.

मावशीनं कुठं बसायचं ते मावशी ठरवील. तिच्या सतरंजीची किंमत नातवाकडून वसूल करणारे तुम्ही कोण?