अंगणातला उजेड

‘अपराजितो’ (१९५६) पाहताना त्यातल्या बनारसच्या घराचं अंगण खरं नाही, असं कुणालाही वाटत नाही. ते कलकत्त्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलं होतं. खरी अडचण उजेडाची होती. चारी बाजूंनी भिंती असलेल्या अंगणात ऊन थेट उतरत नाही. वरून झिरपतं, त्यामुळे सावल्याही पुसट असतात. स्टुडिओतले दिवे मात्र एकेका माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या पाडतात. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतणाऱ्या उजेडात चित्रीकरण केलं. ‘पथेर पांचाली’ सुरू होण्यापूर्वी या माणसाने चित्रपटाचा कॅमेरा हातातही धरला नव्हता!

असा उजेड घडवणं हे खरं छायाचित्रण. आपल्याकडे मात्र सुंदर छायाचित्रण म्हणजे ड्रोनमधून दिसणारा सह्याद्री, असं समीकरण झालंय. माहितीपटही त्यातून सुटलेले नाहीत. डोंगर देखणा असतोच, त्यात कॅमेऱ्याचं श्रेय कितीसं?

१९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि ‘पथेर पांचाली’ व ‘अपराजितो’ ज्यात येतात त्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. ठिसूळ झालेली ती फिल्म इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी हाताने सांधली, जिथे शक्य नव्हतं तिथे इतर प्रतींचा आधार घेतला. २०१५ मध्ये चित्रत्रयी पुन्हा पडद्यावर आली. या अंकातले लेख अशाच कारागिरांविषयी आहेत. दिग्दर्शकांच्या मुलाखती यावेळी मुद्दामच कमी ठेवल्या आहेत.