गृह विभागास अनावृत पत्र

मा. अपर मुख्य सचिव,
गृह विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई यांस,



एखादा नामांकित मनुष्य गुन्ह्याच्या आरोपातून सहीसलामत बाहेर पडला की लोक त्याला शिव्या देतात, त्याच्या वकिलाला देतात, क्वचित न्यायाधीशालाही देतात, आणि चहा संपला की लोकलची वेळ पाहून उठतात. या साऱ्या तळतळाटात आपल्या विभागाचे नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. हे मला बरोबर वाटत नाही, आणि म्हणूनच हे पत्र कोणा नटास न लिहिता आपणास लिहीत आहे. फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष म्हणजे सरकार, आणि सरकारच्या वतीने पुरावा गोळा करणारे, साक्षीदार हजर करणारे, मुद्देमाल सांभाळणारे पोलीस खाते आपल्या अधीन. आरोपीने आपल्या पैशाने उत्तम वकील दिला तर त्यात त्याने गैर काही केले नाही. त्याच्या समोरची बाजू इतकी लुळी का पडली, याचा जाब मात्र आपल्याकडेच मागावा लागतो.

ज्या खटल्याविषयी मला लिहावयाचे आहे त्याचे दफ्तर आपल्या परिचयाचे असेलच. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात, हिल रोडलगतच्या अमेरिकन एक्सप्रेस लाँड्रीच्या पायऱ्यांवर एक टोयोटा लँड क्रूझर मोटार चढली, आणि तेथे निजलेल्या बेकरी-कामगारांपैकी एक ठार व चौघे जखमी झाले. मोटारीत अभिनेते सलमान खान होते, याविषयी वाद नव्हता. चाकावर कोण होते याविषयी मात्र पुढे तेरा वर्षे वाद चालला. सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी त्यांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने, आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही म्हणून, त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. राज्य सरकारने २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अपील केले. उच्च न्यायालयाचा निर्णय मी शिरोधार्य मानतो. ज्या पुराव्यावर मनुष्यास कारावासात धाडता येत नाही त्या पुराव्यावर धाडू नये, हे तत्त्व नटाला लागू आहे तसेच आमच्या घाटकोपरच्या हातगाडीवाल्यालाही लागू आहे, निदान असावे.

परंतु त्या मोटारीत आणखी एक मनुष्य होता, आणि तो आपल्या खात्याचा नोकर होता. गुन्हेगारी टोळ्यांच्या धमक्यांमुळे सरकारने या अभिनेत्यास पोलीस संरक्षण दिले होते, आणि त्या रात्री त्यांचा अंगरक्षक म्हणून पोलीस शिपाई रवींद्र पाटील यांची नेमणूक होती. अपघातानंतर वांद्रे पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद नोंदविली ती पाटलांनी. गाडी कोण चालवीत होते, वेग किती होता, आपण सावध केले असता ते ऐकले गेले नाही, हे त्यांनी पुढे जबाबात व न्यायालयात सांगितले. ज्याच्या रक्षणासाठी सरकारने नेमले त्याच्याविरुद्ध सरकारतर्फे साक्ष देण्याचे काम ज्या शिपायावर आले, त्याच्या मनाची स्थिती त्या दिवसांत कशी असेल, याचा विचार आपल्या विभागात कोणी केला होता काय? नटाच्या संरक्षणासाठी जी व्यवस्था एका हुकमावर उभी राहिली, तीच व्यवस्था साक्षीदाराच्या संरक्षणासाठी उभी करावी, असे टिपण कोणी लिहिले होते काय?

पुढील हकीकत वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचलेली आहे. पाटील कामावर गैरहजर राहू लागले, न्यायालयाच्या तारखांनाही येईनात. २००६ मध्ये त्यांच्याविरुद्ध वॉरंट निघाले आणि फिर्यादी पक्षाच्या या प्रमुख साक्षीदाराला अटक करून तुरुंगात ठेवण्यात आले. नोकरी गेली. ऑक्टोबर २००७ मध्ये शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात त्यांचा अंत झाला. कोणी त्यांच्यावर दडपण आणले की नाही, हे मी सांगू शकत नाही आणि पुराव्यावाचून तसा आरोप करणे मला अयोग्य वाटते. मी इतकेच म्हणतो की, दडपण आले नसेल असे गृहीत धरले तरी, ज्याच्या एका जबानीवर सरकारचा सारा खटला उभा होता त्या माणसाला सरकारने, बेपत्ता झाला तर शोधून आणावयाचा आरोपी मानले. आजारी पडला तर बरा करावयाचा साक्षीदार मानले नाही.

पाटलांच्या मृत्यूने खटल्याचे काय नुकसान झाले, हे समजण्यासाठी कलमांचा थोडा कंटाळवाणा प्रवास पाहावा लागेल. आरोप हयगयीने मृत्यू घडविल्याचा, म्हणजे तत्कालीन दंड संहितेच्या कलम ३०४-अ चा, की सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाचा, हा प्रश्न २००२ पासून लोंबकळत होता. पहिल्यात कमाल शिक्षा दोन वर्षे, दुसऱ्यात दहा. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने जड आरोप काढून टाकला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या अखेरीस तो प्रश्न दंडाधिकाऱ्यांवर सोपविला, आणि दंडाधिकाऱ्यांपुढे हलक्या कलमाखाली पाटलांची साक्ष नोंदली गेली. दहा वर्षे उलटल्यावर पुन्हा जड कलम लागले, खटला सत्र न्यायालयात गेला, आणि साक्षी पहिल्यापासून घ्याव्यात असे ठरले. पहिल्यापासून! मृत मनुष्याची उलटतपासणी जगातील कोणताही वकील घेऊ शकत नाही. सत्र न्यायालयाने पाटलांची जुनी साक्ष ग्राह्य मानली. उच्च न्यायालयाने ती तशी मानण्यास नकार दिला, शिवाय पहिल्या फिर्यादीत नसलेला मद्याचा उल्लेख नंतरच्या जबाबात आला या कारणाने त्यांना पूर्णतः विश्वसनीय साक्षीदारही मानले नाही. कदाचित पाटील जिवंत असते आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असते, तरी न्यायालयाचे मत हेच झाले असते. कदाचित नसते झाले. ते स्पष्टीकरण देण्यास मनुष्य राहिला नाही, एवढे खरे.

बाकीचा पुरावाही असाच. रक्तात १०० मिलीलिटरमागे ६२ मिलीग्रॅम मद्यार्क आढळल्याचा अहवाल होता, कायद्याची मर्यादा ३०. परंतु रक्ताचा नमुना कोणी घेतला, कोठे ठेवला, कसा पोहोचविला, यात इतक्या फटी होत्या की न्यायालयाने त्यावर विश्वास ठेवला नाही. मोटारीतील आणखी एक साक्षीदार, गायक कमाल खान, यांस फिर्यादी पक्षाने न्यायालयात तपासलेच नाही. २०१४ मध्ये तर मूळ जबाब व केस डायरीच सापडत नाहीत असे न्यायालयात सांगण्याची वेळ आली; ते कागद पुढे मिळाले, पण ज्या खात्यात एखाद्या गरिबाच्या मोबाईल-चोरीचा पंचनामाही लाल फीत बांधून वर्षानुवर्षे जपला जातो, तेथे देशभर गाजलेल्या खटल्याचे कागद काही काळ तरी अदृश्य व्हावेत, ही गोष्ट कोणाच्याही पचनी पडणारी नाही. नटाची सुटका न्यायदालनात झाली असे आपण म्हणतो खरे. ती कपाटांत, वाहन-फेऱ्यांत आणि तहकुबींत कितीतरी आधी घडत आली होती.

यावर आपले अधिकारी म्हणतील की आमच्या न्यायव्यवस्थेत खटले चालावयाचेच असे. मी त्यांना कार्टर रोडची आठवण देईन. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे त्याच वांद्र्याच्या परिसरात एका संपन्न घरातील तरुणाच्या मोटारीने पदपथावर निजलेल्या सात मजुरांचा बळी घेतला. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची सजा दिली. सात जीवांना सहा महिने हे गणित पाहून लोकांत क्षोभ उसळला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये सजा तीन वर्षांची केली, जी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या जानेवारीत कायम ठेवली. म्हणजे घटनेनंतर दहा महिन्यांत उच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि त्यानंतर जेमतेम महिन्याभराने शिवडीत पाटील गेले, तेव्हा हिल रोडचा पाच वर्षांचा खटला दंडाधिकाऱ्यांच्याच पायरीवर बसला होता. शहर तेच, पोलीस दल तेच, बळीही पदपथावरचेच. वलय मात्र एकाच बाजूस होते.

वलयाचा प्रभाव न्यायाधीशावर पडतो असे मी मानत नाही. तो पडतो शिपायावर, पंचावर, शेजाऱ्यावर. ६ मे २०१५ चा दिवस आठवावा. दुपारी शिक्षा झाली, सायंकाळी उच्च न्यायालयाने दोन दिवसांचा अंतरिम जामीन दिला, दोन दिवसांनी शिक्षेस स्थगिती मिळाली. नटाच्या घराबाहेर चाहत्यांची गर्दी लोटली, आणि एका नामवंत पार्श्वगायकाने तर, रस्त्यावर निजणाऱ्यांनीच काय ते भोगावे, अशा अर्थाचे उद्गार जाहीरपणे काढले. त्या दिवशीचा जामीन कायदेशीरच होता, निकालाची पूर्ण प्रत न मिळता मनुष्यास आत टाकू नये हेही योग्य; फक्त ज्या देशात कैद्यांपैकी चारांतील तिघे अद्याप खटल्याचा निकालही न लागलेले कच्चे कैदी आहेत, तेथे ती तत्परता पाहून डोळे दिपतात. (निष्पक्षतेसाठी हेही नोंदवावे की अभिनेते संजय दत्त यांनी शस्त्र-कायद्याखालील शिक्षा येरवड्यात भोगली; त्यांच्या वारंवारच्या रजांची चर्चा झाली, पण ते आत गेले व शिक्षा संपवून बाहेर आले.)

आता आपल्या उपनगरांतील दंडाधिकारी न्यायालयांच्या व्हरांड्यात साक्षीदाराचे काय होते ते पाहा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुठलेही न्यायालय घ्या. रात्रपाळी संपवून आलेला शिपाई टोपी काखेत धरून भिंतीला टेकून उभा असतो, बसावयास बाक असला तर त्यावर वकिलांच्या पिशव्या असतात. दुपारी पुकारा होतो, हा आत जातो, आणि आरोपीचे वकील वरच्या कोर्टात असल्याने पुढील तारीख पडल्याचे ऐकून बाहेर येतो. ठाण्यात परतल्यावर, दिवसभर होतास कोठे, म्हणून वरिष्ठ विचारतात. ज्याची साक्ष सामान्य चोराविरुद्ध आहे त्याची ही कथा. ज्याची साक्ष ज्याच्या नावाने चित्रपटगृहे भरतात त्याच्याविरुद्ध आहे, त्याने कोणाच्या आधारावर पुढच्या तारखेस यावे?

राज्याने २०१७ मध्ये साक्षीदार-संरक्षणाचा कायदा केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मान्य केली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली. कायदे पुष्कळ झाले. त्यांत पोलीस साक्षीदाराचा, म्हणजे जो आपल्याच वरिष्ठांच्या मर्जीवर नोकरी करतो अशा साक्षीदाराचा, वेगळा विचार व्हावा ही माझी पहिली विनंती: त्याच्या तारखा कर्तव्य म्हणून गणल्या जाव्यात, साक्ष पूर्ण होईपर्यंत त्याची बदली, निलंबन वा बडतर्फी न्यायालयास कळविल्यावाचून होऊ नये, आणि तो आजारी असेल तर त्याची जबानी रुग्णालयात जाऊन घेतली जावी. दुसरी विनंती, २०१६ च्या त्या अपिलाबाबत शासनाने काय पावले उचलली, हे विधिमंडळासमोर लेखी ठेवावे. तिसरी थोडी अवघड आहे. पोलीस शिपाई रवींद्र पाटील यांच्या सेवेची फाईल पुन्हा उघडावी, त्यांच्या गैरहजेरीची कारणे कोणी विचारली होती काय हे पाहावे, आणि बडतर्फीचा हुकूम ज्या टिपणावर निघाला ते टिपण, अधिकाऱ्यांची नावे हवी तर झाकून, प्रसिद्ध करावे. यासाठी समिती नेमू नये. फाईल एकच आहे, ती एका दुपारी वाचून होईल.



आपला,
मुलुंडचा एक नागरिक