पाणसुरुंग : मुंबईजवळचे १९१७ आणि आजचे यंत्रमानव

१/ आष्टीतून समुद्र दिसत नाही. पण आपल्या शेतात पडणारे पोटॅश खत बहुतांशी समुद्रमार्गेच देशात येते. म्हणून पाणसुरुंगांचा प्रश्न केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचा नाही. #थ्रेड

२/ फेब्रुवारी १९१७. व्यापारी जहाजाच्या वेशातील 'वुल्फ' ही जर्मन युद्धनौका मुंबईच्या सागरी वाटेवर सुरुंग पेरून निघून गेली. चार महिन्यांनी, ११ जूनला, 'सिटी ऑफ एक्सेटर' हे जहाज सुरुंगामुळे जायबंदी झाले. २३ जूनला 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज बुडाले. तोवर 'वुल्फ' न्यूझीलंडजवळ पोहोचली होती!

३/ शत्रू जातो, शस्त्र मागे राहते. एक सुरुंग फुटला की सगळी वाटच संशयास्पद ठरते.

४/ तेव्हाचे सुरुंग तळाच्या वजनाला तारेने बांधलेले असत. नौका पाण्याखालून पोलादी दोर ओढत ती तार तोडत आणि वर आलेला सुरुंग गोळ्या झाडून नष्ट करत. पण त्यासाठी माणसांनाच धोक्याच्या पाण्यात शिरावे लागे.

५/ आजचे अनेक सुरुंग तळाशीच पडून असतात आणि जहाजाचे चुंबकत्व, आवाज, पाण्याचा दाब ओळखून फुटतात. दोर तिथे निरुपयोगी. तिथे एक यंत्रमानव ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढतो, दुसरा कॅमेऱ्याने खात्री करून स्फोटक ठेवतो. माणूस दूर राहतो.

६/ भारताची शेवटची सुरुंगनाशक नौका 'आयएनएस कोझिकोड' एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली. गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या साहाय्याने नव्या नौका बांधण्याची योजना त्याआधीच, २०१८ मध्ये, रद्द झाली होती. नव्या नौकांना प्राथमिक मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. दरम्यान, डीआरडीओच्या विशाखापट्टणम येथील प्रयोगशाळेने सुरुंगशोधक यंत्रमानव विकसित केले आहेत.

७/ 'यंत्रमानव आले, आता नौका कशाला?' हा युक्तिवाद मला मान्य नाही. यंत्रमानवाला कामाच्या जागी नेणारी, त्याने टिपलेली माहिती तपासणारी नौका हवीच. शिवाय तळाचा जुना नकाशा हाताशी नसेल, तर प्रत्येक खडक आणि प्रत्येक भंगाराचा तुकडा सुरुंगच भासेल. हा नकाशा युद्ध सुरू झाल्यावर काढता येत नाही. तो शांततेत, वर्षानुवर्षे अद्ययावत ठेवावा लागतो.

८/ म्हणून नौदलाने किती यंत्रमानव घेतले, एवढेच विचारून थांबू नये. मुंबई, न्हावा शेवा, मुरगाव या बंदरांच्या वाटांचा तळ किती वेळा तपासला जातो, हेही विचारावे. १९१७ चे सुरुंग पेरल्यानंतर चार महिन्यांनीही जहाजांच्या वाटेत होते.